महाराजांनी ‘जा’ म्हटलं होतं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की आमच्या शेलूबाजारात पारायणाची तयारी सुरू होते. शिवारात तुरीला शेंगा भरलेल्या असतात, हरभरा वर आलेला असतो, आणि घराघरांत लाल कापडात गुंडाळलेली गुरुचरित्राची पोथी फळीवरून खाली उतरते. कारंजा आम्हाला दूर नाही.  श्रीनृसिंह सरस्वती महाराजांचं जन्मस्थान आपल्याच वाशीम जिल्ह्यात आहे, ही आम्हा लोकांना मोठी धन्यता वाटते. ज्यांनी जन्मल्याबरोबर ओंकार म्हटला आणि मुंज होईपर्यंत दुसरा शब्द उच्चारला नाही, त्या महाराजांच्या मातीतली आपण माणसं. म्हणून त्यांच्या एका शब्दाबद्दल आज दोन गोष्टी बोलाव्या म्हणतो.

तो शब्द चौदाव्या अध्यायातला आहे. चौदावा अध्याय कोणाला माहीत नाही? पारायणाच्या दुसऱ्या दिवशी तो येतो. पण आपण काही सप्ताहाची वाट पाहत नाही. कोर्टाची तारीख असली, मुलाची मुलाखत असली, घरात कोणाचं ऑपरेशन असलं, बँकेची नोटीस आली, की आपण हातपाय धुऊन देवापुढे बसतो आणि चौदावा अध्याय वाचतो. मीही चाळीस वर्षं वाचत आलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. बदलीचा हंगाम आला की माझा चौदावा अध्याय ठरलेलाच!

कथा अशी. सायंदेव हा महाराजांचा भक्त. तो एका क्रूर अधिकाऱ्याच्या पदरी नोकरीला होता. त्या अधिकाऱ्याची रीत अशी, की दरवर्षी एका ब्राह्मणाला बोलावून घ्यायचं आणि त्याचा जीव घ्यायचा. त्या दिवशी सायंदेवाला बोलावणं आलेलं. त्याने महाराजांचे पाय धरले आणि आपली सगळी हकीकत सांगितली. महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, अभय दिलं. सायंदेव त्या अधिकाऱ्याकडे गेला. तिथे उलटंच घडलं. अधिकाऱ्यालाच झोपेत भयंकर दृश्य दिसलं, तो घाबरून उठला, सायंदेवापुढे आला, वस्त्रं देऊन त्याने त्याला सन्मानाने परत पाठवलं. सायंदेव परतला तेव्हा महाराज तिथेच होते.

आता इथे जरा थांबा. महाराजांनी काय केलं नाही, ते पाहा. ‘तू जाऊ नकोस, तुझ्याऐवजी मी जातो,’ असं ते म्हणाले नाहीत. त्याला आश्रमात लपवून ठेवलं नाही. त्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे शाप दिला नाही. त्यांनी सायंदेवाला निर्भयपणे जायला सांगितलं, आणि तू परत येईपर्यंत मी इथून हलत नाही असा शब्द दिला. म्हणजे चालायचं होतं ते सायंदेवालाच. दार वाजवायचं होतं ते त्यालाच. गुरूंनी वाट कमी केली नाही. वाटेवरचं भय कमी केलं.

ही गोष्ट मला चाळीस वर्षांच्या वाचनातून कळली नाही. ती मला एका अक्षरशत्रू आजीने शिकवली. कशी, ते सांगतो. त्यात माझी नाचक्की आहे, पण दत्तगुरूंच्या अंकात खोटं कशाला लिहू?

माझी मुलगी दिली आहे ते गाव आमच्यापासून फार दूर नाही. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथेच नांदत आहेत. तिथल्या दत्तमंदिरात दरवर्षी दत्तजयंतीचा सप्ताह बसतो. पोथी वाचणं आणि सायंकाळी प्रवचन, ही सेवा बरीच वर्षं माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी चौदाव्या अध्यायावर माझं प्रवचन चांगलं रंगलं. आरती झाली, माणसं पांगली, आणि दहा-बारा बाया मागे थांबल्या.

गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं, बाजाराच्या रस्त्यावर, शाळेपासून थोड्या अंतरावर. त्या बायांनी ते बंद करायचं मनावर घेतलं होतं. सरकारचा नियम त्यांनी माहीत करून घेतला होता. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, उत्पादन शुल्क खात्याची माणसं येऊन सह्या पडताळतात, मग मतदान लागतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. घरी बसून राहिलेली बाई ही दुकानाच्याच कामी येते, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांचं मागणं छोटंसंच होतं : गुरुजी, उद्याच्या प्रवचनात दोन शब्द बोला. तुमचं ऐकतात लोक.

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, “बायांनो, ही परमार्थाची जागा आहे. इथे गावचं राजकारण आणू नका.”

उत्तर ऐकायला मोठं शुद्ध वाटतं, नाही का? पण आतलं खरं असं, की सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीचा महाप्रसाद दरवर्षी त्या दुकानाच्या मालकांकडून असे. पोळी, वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. सगळ्या गावाची पंगत. शिवाय माझ्या व्याह्यांचा त्यांच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. मी काही बोललो तर माझ्या मुलीला घरात ऐकून घ्यावं लागेल, ही धास्ती होती. परमार्थ हा नुसता बहाणा. मी भ्यालो होतो.

बाया उठल्या. त्यांच्यातली एक आजी, सत्तरी ओलांडलेली, मुलगा दारूपायीच गेलेला, नातवाला घेऊन राहणारी. उंबऱ्याशी थांबून ती म्हणाली, “गुरुजी, मी अडाणी बाई हावो, चुकलं त माफ करजा. पण येवढं सांगा, महाराजांनं सायंदेवाले ‘जा’ म्हटलं का ‘बस’ म्हटलं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तर होतं. तासापूर्वीच मी ते लाउडस्पीकरवरून सगळ्या गावाला सांगितलं होतं. पण तोंड उघडलं नाही. त्या सप्ताहात मी शेवटपर्यंत तो विषय काढला नाही. पौर्णिमेला पंगतीत बसलो, बुंदी खाल्ली आणि शेलूबाजारला परत आलो.

महिना-दीड महिन्याने मुलीचा फोन आला. सह्या पडताळायला माणसं आली होती. सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्याही बाया घराबाहेर पडल्या नाहीत. कोणाला नवऱ्याने कोंडलं, कोणाला सासऱ्याने डोळे दाखवले, कोणाला ‘आपल्याला काय करायचं’ म्हणून दिरांनी बसवलं. निवेदन बारगळलं. मुलगी म्हणाली, “बाबा, ती आजी मात्र आली होती. अंगठा दिला आणि संध्याकाळपर्यंत चावडीपाशी उभी होती. आणखी कोणी येतं का पाहत.”

मायबाप हो, त्या रात्री मला झोप लागली नाही. सायंदेव एकटा गेला, आणि त्याला अभय सांगणारा मी घरी बसलो होतो.

पहाटे उठलो तेव्हा मला आठवले ते आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा. 23 फेब्रुवारी 1876 ला अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी परटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या पायी गेले, तेव्हा डेबूजी लहान पोर होता. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. दापुरे म्हणजे आपल्या कारंजाच्या शेजारचाच मुलूख. तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. सावकार ताबा घ्यायला शेतात उतरला तेव्हा हाच डेबूजी आडवा उभा राहिला. ही झाली परक्याशी गाठ. पण मला बाबांचं खरं धैर्य दिसतं ते त्यांच्या मुलीच्या बारशाला.

त्या काळी बारसं म्हटलं की भाऊबंदांना दारू आणि मटणाचं जेवण द्यायचं, अशी जातीची रीत. डेबूजीने ते दिलं नाही. गोडाचं जेवण केलं. आज आपल्याला ही गोष्ट लहान वाटते. पण विचार करा, सावकाराशी भांडताना सगळं घर तुमच्या बाजूला असतं. पानावर बसलेल्या सोयऱ्याधायऱ्यांची नाराजी पत्करताना तुमच्या बाजूला कोण असतं? आपल्या माणसांचं भय हे सगळ्यात अवघड भय. तिथे कायदा कामी येत नाही, पैसा येत नाही. तिथे एक देवच पाठीशी असावा लागतो. पुढे 1 फेब्रुवारी 1905 ला बाबांनी घर सोडलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, तोंडी गोपाळाचा गजर. गाव झाडायचं दिवसा आणि माणसं झाडायची रात्री कीर्तनात. ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याला कोणी कशाची धमकी द्यावी? पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, स्वतः मात्र उघड्यावर राहिले. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. त्यांची पुण्यतिथी आणि आपली दत्तजयंती बहुधा मागेपुढेच येतात.

दुसरं नाव सानेगुरुजींचं. ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसले नाहीत असं घर आपल्याकडे विरळा. पण तो हळवा माणूस 1 मे 1947 ला पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसला, कारण विठोबाच्या मंदिरात हरिजन बांधवांना जाऊ देत नव्हते. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, सभा घेतल्या, लोकांना हात जोडले, आणि ठिकठिकाणची मंदिरं, विहिरी खुल्या झाल्या. पंढरपुरात उपोषणाला जागा मिळेना, ती तनपुरे महाराजांच्या मठात मिळाली. खुद्द महात्मा गांधींची उपोषण सोडण्याबद्दल तार आली, तरी गुरुजी ढळले नाहीत. मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिर खुलं होण्याचं ठरलं, आणि उपोषण सुटलं. त्यांनी देव मोडायला उपोषण केलं नव्हतं. देवाच्या दारात सगळे यावेत म्हणून केलं होतं. ज्यांनी विरोध केला त्यांना शिव्या दिल्या नाहीत. भक्तीतून येणारं धैर्य ओळखायची हीच खूण आहे. त्यात जिद्द असते, द्वेष नसतो. रागातून आलेलं धैर्य दोन दिवसांत ओसरतं. समोरचा मेला काय, जगला काय, असं ज्याला वाटतं, त्याचं ते धैर्य नव्हे, नुसता ताव.

आणि तिसरे आपले तुकडोजी महाराज. 1942 साली इंग्रज सरकारने त्यांना धरून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरी वाजवून भजन म्हणणाऱ्या माणसाची एवढी धास्ती सरकारला का वाटावी? कारण महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थनेला माणसं एकत्र बसवली होती. लहान-थोर, जात-पात न पाहता एका सतरंजीवर. रोज एकत्र बसणारी माणसं एक दिवस एकत्र उठू शकतात. संघटना म्हणून काही वेगळी मोठी विद्या नाही. आपल्या सप्ताहात ती आपण दरवर्षी करतो, फक्त पौर्णिमेला पंगत उठली की ती मोडून घरी जातो.

हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. आजीला ते वागून ठाऊक होतं.

पुढे त्या बायांनी पुन्हा निवेदनाची तयारी केली, तेव्हा मी पिशवीत धोतर-सदरा घालून मुलीच्या गावी गेलो आणि आठ दिवस देवळातच मुक्काम केला. व्याह्यांना आधी जाऊन भेटलो. हात जोडून म्हणालो, “तुम्हाला न आवडणारं काम करायला आलो आहे. राग माझ्यावर ठेवा, पोरीवर ठेवू नका.” ते काही बोलले नाहीत. पण रात्री देवळात जेवणाचा डबा त्यांच्याच घरून आला.

रोज सायंकाळी भजन ठेवलं. पहिल्या दिवशी मी लोकांपुढे कबूल केलं, की मागच्या सप्ताहात चौदावा अध्याय मी अर्धाच सांगितला होता, राहिलेला आज सांगतो. कोणाला मत द्या, कोणाला देऊ नका, हे मी पोथीपुढे बसून बोललो नाही. महाराजांनी ‘जा’ म्हटलं, आणि परत येईस्तोवर ते तिथेच थांबले, एवढंच सांगितलं. मग बायांच्या मागे मागे घरोघर गेलो. बोलायच्या त्या, मी ओसरीवर घरच्या पुरुषमंडळींशी बोलत बसायचो. ज्याने बायकोला कोंडलं होतं असा एक जण माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याला मी रागावलो नाही. म्हटलं, “तुले माहीत आहे ना, ती कशापायी उभी राहते?” तो खाली मान घालून बसला.

सह्या पडताळायच्या दिवशी सकाळची आरती झाली आणि देवळातून बाया एकत्र निघाल्या. घोषणा नाही, झेंडा नाही. पुढे आजी, टाळ वाजवत. वाटेतल्या घरांतून एकेक बाई बाहेर पडून मागे लागत गेली. एकटीला कोंडता येतं. दिंडीला कसं कोंडणार? पुढे मतदान झालं. बाटली आडवी झाली.

इथे कथा संपवली तर तुम्ही टाळ्या वाजवाल, पण ते पुरतं खरं होणार नाही. गावात प्यायचं सगळ्यांनी सोडलं असं नाही. काही जण शेजारच्या गावी जातात, रात्री उशिरा येतात. पण शाळेच्या वाटेवरची ती गर्दी गेली, आणि मजुरीचे पैसे घरी पोचायच्या आत खर्ची पडायचे ते पुष्कळसे थांबले. आणि आमचा महाप्रसाद बंद झाला. दुकानाच्या मालकांनी निरोप पाठवला, की यंदापासून आमच्याकडून काही होणार नाही. मंडळातले दोघे-तिघे माझ्यावर चिडले. म्हणाले, गुरुजी, देवाची पंगत तुमच्यापायी मोडली. दत्तजयंती तोंडावर, आणि कोठीत दाणा नाही.

तेव्हा आजी नातवाला घेऊन देवळात आली. पदराच्या ओट्यात ज्वारी होती, असेल पायलीभर. तिने ती गाभाऱ्यापुढे ओतली आणि म्हणाली, “आमच्या घरची हाये.” दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. कोणी तुरीची डाळ, कोणी गूळ, कोणी परड्यातली वांगी. त्या वर्षी बुंदी नव्हती. भाकरी, वरण, वांग्याची भाजी आणि गुळाचा खडा. सगळ्या गावाने बायांच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. मी पंगतीत बसलो तेव्हा मागच्या वर्षीची ती बुंदी आठवली, आणि बारशाला गोडाचं जेवण करणारा डेबूजी आठवला.

दुकानाच्या मालकांच्या घरी आमंत्रण द्यायला मी स्वतः गेलो होतो. तेही दत्तभक्तच आहेत, दर गुरुवारी देवळात येणारे. ते आले नाहीत. दरवर्षी जातो. अजून आले नाहीत. यंदाही जाणार आहे.

मायबाप हो, आपण घरदार सांभाळणारी, वय झालेली माणसं. मोर्चे काढण्याचं आपलं वय नाही, असं आपण म्हणतो. असेल. पण गावात आपला शब्द कोणीतरी ऐकतं, आपल्या ओसरीवर कोणीतरी येऊन बसतं, ही आपल्याजवळची शक्ती आहे. स्मशानाचा रस्ता अडलेला असेल, विहिरीचं पाणी गढूळ असेल, कोण्या लेकीबाळीवर अन्याय होत असेल, तेव्हा कोणीतरी आपल्याकडे पाहत असतं : हे पोथी वाचणारे काय म्हणतात? त्या वेळी ‘ही परमार्थाची जागा आहे’ असं म्हणावंसं वाटलं, तर आधी एकदा आपल्या मनाला विचारा, की हे परमार्थ बोलतो आहे का भय बोलतं आहे. मी विचारलं नव्हतं. एका आजीला विचारावं लागलं.

यंदा पारायणाच्या दुसऱ्या दिवशी चौदावा अध्याय वाचून झाला, पोथीला नमस्कार केला, की क्षणभर डोळे मिटून बसा. आपल्याला कुठे जायचं राहून गेलं आहे, ते आठवेल. मग उठा आणि जा. महाराज थांबलेले आहेत.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.